क्लाइव्हचा कोपरा

संग्रहालये दोन जातींची असतात. एक थोरली जात. तिच्या दारात तोफा असतात, आत रुंद जिने असतात, आणि तिसऱ्या दालनापर्यंत पोचता पोचता घरची मंडळी एखाद्या बाकावर बसून घेतात व "तुम्ही या बघून, आम्ही आहोत इथंच" असे जाहीर करतात. दुसरी जात धाकटी. एक खोली, फार तर दोन. पाहायला पाऊण तासही लागत नाही; पण पाहिलेले मात्र महिनोन् महिने डोक्यात घोळत राहते.

मला ही धाकटी जात आवडते. त्यातही कुणा एका माणसाची बसाउठायची, लिहावाचायची जागा असेल, तर मी वाट वाकडी करून तिथे जातो. पुण्याला केसरीवाड्यात टिळकांचे लिहिण्याचे मेज आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूकुटीत गांधीजींची जमिनीलगतची बैठक आहे. असल्या ठिकाणी कुणी सांगावे लागत नाही. आवाज आपोआप खाली येतो. ज्या माणसाने एवढे केले तो एवढ्याशा जागेत बसत होता, हे पाहिले म्हणजे आपल्यालाही आपल्या दोन खोल्यांचा संकोच वाटेनासा होतो.

पण ही झाली आपल्या माणसांची गोष्ट. ज्याने आपल्याला हरवले त्याची खोली पाहायला मिळाली तर? तिथे आवाज खाली आणायचा की वर चढवायचा? हा प्रश्न मला आयुष्यात कधी पडला नव्हता. तो पडला चेन्नईत, म्हणजे आपल्या जुन्या मद्रासेत, सेंट जॉर्ज किल्ल्याच्या आत.

माझी मुलगी नोकरीच्या निमित्ताने चेन्नईला असते. 2025च्या नवरात्रात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो ते दिवाळी करूनच परतलो. नातू अकरा वर्षांचा. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत तमीळ अशा तिन्ही ठिकाणी तो सारख्याच वेगाने भांडू शकतो. शाळेला सुट्टी होती. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही याला घेऊन किल्ला बघून या. घरात राहिला तर गोलूच्या बाहुल्या फोडील." तिकडे नवरात्रात घरोघर पायऱ्या रचून त्यांवर मातीच्या बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. मुलीनेही शेजारणींच्या नादाने पाच पायऱ्यांचा गोलू मांडला होता. तेव्हा बाहुल्यांच्या रक्षणासाठी आम्ही तिघे, म्हणजे मी, आमची मंडळी आणि नातू, किल्ल्याकडे निघालो.

किल्ला म्हटला की आपल्या मराठी डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो आणि गुडघे आधी कुरकुरू लागतात. हा किल्ला मात्र जमिनीच्या सपाटीवर, समुद्राकाठी आहे. चढ म्हणून नाही. "हे बरं केलं हो इंग्रजांनी," एवढेच त्यावर आमच्या मंडळींचे मत पडले. इंग्रजांनी हिंदुस्थानात बांधलेला हा पहिला किल्ला. त्याचा पाया 1640च्या सुमाराचा. आज त्याच्या आत तमिळनाडूची विधानसभा आणि सचिवालय आहे. त्यामुळे दारावर पोलीस आपली पिशवी उघडून पाहतात. आत मोटारींची, फायलींची आणि चहाच्या पेल्यांची ये-जा चाललेली असते. शत्रूच्या भुताला राहायला तिथे जागाच उरलेली नाही.

आत एक थोरले संग्रहालयही आहे. 1948च्या जानेवारीत ते उघडले. तिथे लॉर्ड कॉर्नवॉलिसचा भला मोठा संगमरवरी पुतळा आहे. त्या दालनात आमची मंडळी अपेक्षेप्रमाणे बाकावर बसली. मग आम्ही सेंट मेरीचे चर्च पाहिले. ते 1680 सालचे. त्याच्या लग्नाच्या नोंदवहीत 18 फेब्रुवारी 1753 या तारखेला एक नोंद आहे: रॉबर्ट क्लाइव्ह आणि मार्गारेट मॅस्केलिन. नवरदेव सत्तावीस वर्षांचा, नवरी सतराची. आणि त्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर ते घर आहे, जिथे हे जोडपे राहिले.

घर मोठे आहे. पांढरे, जाड भिंतींचे, उंच छताचे. पण ते क्लाइव्हच्या मालकीचे नव्हते. ते होते एका आर्मेनियन व्यापाऱ्याचे. क्लाइव्ह तिथे भाडेकरू होता, आणि तोही अल्पकाळचा. कारण लग्नानंतर महिनाभरातच नवरा-बायको जहाजात बसून विलायतेला निघून गेली. पुढे त्या घराला ॲडमिरल्टी हाउस म्हणू लागले. आज तिथे भारतीय पुरातत्त्व खात्याची कचेरी आहे, आणि घराचा एक भाग क्लाइव्हच्या आठवणीला काढून ठेवला आहे. त्याला 'क्लाइव्हचा कोपरा' म्हणतात. ज्या माणसाच्या नावाने आपल्या शाळेच्या पुस्तकात एक अख्खा धडा असायचा, त्याच्या वाट्याला त्याच्याच घराचा एक कोपरा आला आहे!

भिंतींवर चित्रे, माहितीचे फलक, एवढाच तिथला पसारा. दारावरच्या माणसाने तमिळमध्ये काही सांगितले. आमचा दुभाषी म्हणाला, "आजोबा, ते म्हणतायत, सावकाश बघा, घाई नाही." मी चौतीस वर्षे हिशेबाच्या कचेरीत काढली. एखाद्या कचेरीत मला असे कुणी म्हणावे, हा योग पहिलाच.

क्लाइव्ह म्हटला की आपल्याला तांबडा डगला, तलवार आणि प्लासीची लढाई आठवते. मला त्या कोपऱ्यात उभे राहून आठवला तो मात्र कारकून. होय, हा सेनापती मुळात कारकून होता. ईस्ट इंडिया कंपनीत सगळ्यांत खालच्या पायरीच्या नोकराला 'रायटर' म्हणत. रायटर म्हणजे लिहिणारा, आपल्या भाषेत कारकून. पगार वर्षाला पाच पौंड. काम काय, तर कापडाचे तागे मोजून घ्यायचे, खतावण्या लिहायच्या, पत्रांच्या नकला करायच्या. 1743 साली तो इंग्लंडहून निघाला. जहाज वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला रखडले, तिथे नऊ महिने मोडले, आणि 1744च्या जूनमध्ये स्वारी मद्रासेला उतरली. त्या नऊ महिन्यांत तो थोडी पोर्तुगीज भाषा शिकला. पुढे हिंदुस्थानात एवढी वर्षे काढली, पण इथली एकही भाषा त्याला नीट आली नाही.

अठरा वर्षांचा तो पोर. ओळखदेख नाही, हवा मानवत नाही, गावाकडून पत्र यायला वर्ष लागते. असे सांगतात, की कंटाळून त्याने एकदा स्वतःवर पिस्तूल झाडले. ते उडाले नाही. पुन्हा झाडले, पुन्हा उडाले नाही. मग मित्राने तेच पिस्तूल खिडकीबाहेर धरून चाप ओढला, तर ते उडाले! गोष्ट खरी असेल, खोटी असेल. पण परगावी पहिली नोकरी धरलेल्या कुणालाही तिच्यातला कंटाळा खोटा वाटणार नाही. मी स्वतः वयाच्या विसाव्या वर्षी एका आडगावी, गळक्या कचेरीत, सहा महिने टाचणखतावणी केली आहे. पिस्तूल नव्हते एवढेच.

1746 साली फ्रेंचांनी मद्रास घेतले. क्लाइव्ह देशी वेष करून कडलोरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात पळाला, आणि तिथे त्याने लेखणी ठेवून तलवार घेतली. आणि 1751 साली अर्काटचा प्रसंग आला.

अर्काट मद्रासेपासून साठ-पासष्ट मैलांवर. कर्नाटकाच्या नबाबाची ती राजधानी. गादीसाठी दोघे भांडत होते. चंदासाहेबाच्या पाठीशी फ्रेंच आणि महंमदअलीच्या पाठीशी इंग्रज. चंदासाहेब सगळी फौज घेऊन त्रिचनापल्लीला महंमदअलीला वेढून बसला होता. तेव्हा क्लाइव्ह दोनशे गोरे, तीनशे देशी शिपाई आणि तीन तोफा घेऊन निघाला आणि त्याने रिकामे पडलेले अर्काट गाठले. त्याच्या आठ अंमलदारांपैकी सहा जणांनी लढाई कधी पाहिली नव्हती, आणि चौघे तर कालपर्यंत कंपनीच्या वखारीत कारकुनी करीत होते! मग चंदासाहेबाचा मुलगा चालून आला आणि पन्नास दिवस वेढा पडला. आत दाणा संपत आला. तेव्हाची एक गोष्ट सांगतात, की देशी शिपाई क्लाइव्हकडे गेले आणि म्हणाले, भात गोऱ्यांना द्या, आम्हाला वरची पेज पुरे.

हे मी नातवाला सांगितले, तर तो म्हणाला, "पेज? आजी मला ताप आल्यावर देते ती?"

"तीच."

"मग त्यांनी स्वतःच भात का नाही खाल्ला? ते तर जास्त होते ना?"

मी त्यावर काही बोललो नाही. या पोराने दोन वाक्यांत केवढी मोठी गोष्ट विचारली होती! एवढ्यात त्याचा पुढचा प्रश्न आला. "आणि मराठे कुठं होते?"

मराठे होते, आणि फार दूरही नव्हते. संताजी घोरपड्यांच्या घराण्यातले गुत्तीचे मुरारराव सहा हजार स्वारांनिशी अर्काटपासून तीसेक मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी तळ देऊन बसले होते. महंमदअलीकडून त्यांना द्रव्य ठरले होते. पण कुणाचे पारडे जड होते ते कळेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. इंग्रज टिकतात असे दिसल्यावर त्यांनी निरोप पाठवला, की ही माणसे लढतात हे पाहिले, आता आम्ही मदतीला येतो. ते येणार ही बातमी कळताच वेढा घालणाऱ्यांनी घाई केली आणि मोहरमच्या दिवशी कपाळाला लोखंडी पत्रे बांधलेले हत्ती दरवाज्यांवर सोडले. बंदुकींच्या माऱ्याने ते हत्ती उलटे फिरले आणि आपल्याच माणसांना तुडवीत गेले. वेढा उठला. पुढे थोड्याच दिवसांनी अरणीच्या लढाईत क्लाइव्हच्या बाजूने सहाशे मराठे स्वार लढले.

आणि चंदासाहेब तरी कोण? 1741 साली रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेऊन त्याला कैद केले, आणि सुमारे सात वर्षे तो आपल्या साताऱ्यास अटकेत होता. तिथून सुटून आला म्हणून तर हे सगळे रामायण घडले. त्याचे डोके उडाले तेही तंजावरच्या मराठ्यांच्या सेनापतीच्या तळावर. कर्नाटकात तेव्हा मराठी माणूस पाहुणा नव्हता. तो घरचा कर्ता होता. सौदा त्याला विचारल्याशिवाय होत नव्हता. आणि सौदा ठरला म्हणजे तोही आपला भाव सांगत होता.

माझे मन मात्र एव्हाना अर्काटहून निघून कोकणात पोचले होते. कारण क्लाइव्हच्या चरित्रात एक पान असे आहे, की ते बंगालच्या मुलाने वाचले काय, न वाचले काय. मराठी मुलाने वाचलेच पाहिजे. विलायतेहून क्लाइव्ह परत आला तो 1755 साली, मुंबईला. खरे म्हणजे दख्खनेतल्या फ्रेंचांवर चालून जायचा बेत होता. तो बारगळला. फौज आणि ॲडमिरल वॉटसनचे आरमार मुंबईत नुसते बसून होते. त्यांना काम मिळाले ते विजयदुर्गाचे.

विजयदुर्ग तेव्हा तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यात होता. कान्होजींचा हा मुलगा. सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर इंग्रज, फिरंगी, वलंदेज त्याच्या नावाने चळाचळा कापत. पण तुळाजी पेशव्यांना जुमानीत नव्हता. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रावरून इंग्रजांचे आरमार. 1755च्या एप्रिलात सुवर्णदुर्ग पडला. 1756च्या फेब्रुवारीत वॉटसनची जहाजे विजयदुर्गाच्या खाडीत शिरली. तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेला, आणि इकडे तोफा सुरू झाल्या. एक गोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडून आग लागली. जहाजे एकमेकांना बांधलेली होती. काही तासांत सारे आरमार जळून गेले.

क्लाइव्हचे काम काय होते? त्याने आपली माणसे जमिनीवर उतरवली आणि पेशव्यांची छावणी व किल्ला यांच्यामध्ये आणून उभी केली, म्हणजे दोस्तांनी आधी आत शिरून लुटीत वाटा मागायला नको. लुटीची वाटणी इंग्रजांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवली होती, आणि त्या कागदात पेशव्यांचा वाटा नव्हता. सुमारे दहा लाख रुपये हाती आले. मोहीम संपण्यापूर्वीच हिशेब तयार! कारकून तलवार धरतो तेव्हा असे होते. त्यानंतर सोळा महिन्यांनी, 23 जून 1757 रोजी, प्लासी झाली. तिथेही लढाईपेक्षा आधीचा कागदच अधिक कामाला आला.

पुढे कराराने विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला आणि बाणकोट इंग्रजांकडे गेले. पेशव्यांनी धुळपांच्या हाती नवे आरमारही उभे केले. पण आंग्र्यांची ती जरब पुन्हा आली नाही. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले, आणि ती कैद इंग्रजांची नव्हती, पेशव्यांची होती.

"म्हणजे आपणच त्यांना बोलावलं?" नातू म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. शाळेतल्या मित्रांना तो घरी मराठ्यांच्या गोष्टी सांगून जेरीस आणतो, हे त्याच्या आईने मला सांगितले होते.

"हो, आपणच."

"मग हा वाईट की आपण वाईट?"

आमच्या मंडळींनी माझ्याकडे पाहिले. घरातली बाई अशा वेळी ज्या नजरेने पाहते ती आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. पोराला उगाच काही तरी सांगून टाकू नका, असा तिचा अर्थ असतो. मी म्हणालो, "हे बघ, क्लाइव्ह लोभी होता, धाडसी होता आणि हिशेबात पक्का होता. त्यानं इथनं किती नेलं याची त्याच्या स्वतःच्या देशातसुद्धा चौकशी झाली. ते त्याच्या खात्यावर. पण तुळाजीचं आणि पेशव्यांचं भांडण त्याच्या खात्यावर लिहिता येत नाही. ते आपल्या खात्यावर. दोन्ही नोंदी करायच्या. एक खोडली की दुसरी चुकते."

"शिल्लक काय राहते?" हिशेबनिसाचा नातू तो!

"शिल्लक एवढी, की आता आपल्याला माहीत आहे."

उत्तर फार मोठे नव्हते. पण ते खोटेही नव्हते, आणि मला वाटते, पोराला खोटे उत्तर लगेच ओळखू येते.

लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांच्या रांगेत क्लाइव्हचा पुतळा आहे. 1912 साली उभारलेला. 2020 साली तो काढून टाका म्हणून बरीच मागणी झाली. पुतळ्याची अडचणच ही असते. तो उंच चौथऱ्यावर असतो. त्याच्याकडे मान वर करूनच पाहावे लागते. त्यामुळे एक तर नमस्कार करायचा, नाही तर दोर लावून खाली ओढायचा. मधला मार्ग राहत नाही. खोलीचे तसे नाही. खोलीत माणूस आपल्या पायांनी, आपल्या उंचीने शिरतो. ती काही मागत नाही. इथे एक भाडेकरू राहिला, त्याने असे असे केले, आणि तो गेला, एवढेच ती सांगते. क्लाइव्ह 22 नोव्हेंबर 1774 रोजी लंडनमध्ये वारला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. त्याच्या गावाजवळच्या लहानशा चर्चमध्ये त्याला पुरले, पण नेमके कुठे, त्याची खूण ठेवली नाही. एवढ्या मोठ्या लक्ष्मीपुत्राला जमिनीवर स्वतःच्या नावाचा दगड मिळाला नाही, आणि त्याच्या भाड्याच्या घराला मात्र आपले सरकार चुना लावते.

हे चुना लावणारे खाते कोणते, तर तेच पुरातत्त्व खाते. बाहेर पडताना मला कचेरीत टेबले दिसली, फायली दिसल्या, फायलींना बांधलेल्या नाड्या दिसल्या. सगळी माझ्या ओळखीची मंडळी. जिथे कारकुनी करून करून सेनापती झालेला माणूस राहिला, तिथे आज पुन्हा कारकून बसले आहेत, आणि ते आपले आहेत. ते मोजतात ते कापडाचे तागे नव्हेत, तर देवळे, किल्ले आणि शिलालेख. त्या खात्याच्या यादीत क्लाइव्हचे हे घर आहे, आणि त्याच खात्याच्या यादीत विजयदुर्गही आहे. 2025च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आहे आणि या तमिळ मुलखातली जिंजीही आहे. ज्याने जाळले त्याचे घर आणि जे जळले तो किल्ला, दोन्ही एका वहीत, दोन्हींवर एकाच सरकारची निळी पाटी! माझ्यासारख्या खतावणीत जन्म काढलेल्या माणसाला यापरते समाधान नाही.

त्या दिवाळीत नातवाने गच्चीवर किल्ला केला. चेन्नईत त्या दिवसांत पाऊस असतो, म्हणून वर ताडपत्री बांधली. दरवर्षी तो रायगड करतो. या खेपेला त्याने विजयदुर्ग केला. परातीत पाणी घालून समुद्र, काड्यापेट्यांची जहाजे. मावळे कुठून आणायचे हा प्रश्न होता, तो मैलापूरच्या बाजारातल्या उरलेल्या गोलूच्या बाहुल्यांनी सोडवला. त्यामुळे आंग्र्यांच्या बुरुजावर एक वीणा वाजवणारा आणि एक भाजीवाली उभी होती, पण ते असो. पाण्यात त्याने इंग्रजांची जहाजे ठेवली. जमिनीवर एका बाजूला घोडेस्वार मांडले.

शेजारचा एक तमीळ मुलगा किल्ला पाहायला आला होता. त्याने घोडेस्वारांकडे बोट दाखवून विचारले, हे इंग्रज का?

"नाही," नातू म्हणाला, "हे आमचेच." आणि त्याने त्याला सगळी गोष्ट पहिल्यापासून तमिळमध्ये सांगायला सुरुवात केली. मला त्यातले 'क्लाइव्ह', 'पेशवा' आणि 'तुळाजी' एवढेच शब्द कळले. पण तिन्ही नावे आली, एकही गाळले नाही. मी आत जाऊन फराळाच्या दोन ताटल्या भरून आणल्या.